साडेसातचा तास

मॅडम, तुमची शोकसभा मंगळवारी कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आम्ही मुली मागे खिडकीपाशी उभ्या होतो. टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता, मागच्या गॅदरिंगचा, मोरपंखी साडीतला. त्या गॅदरिंगच्या पत्रिकेत सगळ्या प्राध्यापकांची नावं होती, फक्त तुमचं नव्हतं. तरी तुम्ही आलात, शेवटच्या रांगेत आमच्याजवळ बसलात आणि आमच्या वर्गातल्या रुक्मिणीच्या नाचाला सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्यात. फोटो त्या दिवशीचा आहे हे हॉलमधल्या किती जणांना आठवत होतं, माहीत नाही.

विभागप्रमुख सर बोलले. सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हीही आमच्यासमोर त्यांचा विषय कधी नाव घेऊन काढला नाहीत. ते म्हणाले, भूगोल विभागाचा आधार गेला. बोलताना मध्ये थांबले, चष्मा पुसला. मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. माणसाला दोन्ही येत असेल, त्रास देताही येत असेल आणि नंतर वाईटही वाटत असेल. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. पुढचं नाव माझं होतं. विद्यार्थ्यांच्या वतीने, कुमारी कोमल.

मी पुढे गेले आणि चार वाक्यं बोलले. मॅडम खूप छान शिकवायच्या. त्यांचा स्वभाव प्रेमळ होता. त्या आम्हाला मुलींसारखं जपायच्या. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. चारही वाक्यांत काही खोटं नव्हतं. परत खिडकीपाशी आले तर रुक्मिणी म्हणाली, "बरं बोललीस. मोजकंच."

मोजकंच. मॅडम, हा शब्द ऐकून मी खिडकीबाहेर बघत राहिले. कारण मी तुमच्याबद्दल याआधी एकदा मोजकंच बोलले होते, आणि तेव्हा तुम्ही समोर बसलेल्या होता.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडून एक पान मागितलं आहे. हे एका पानात बसणार नाही, आणि छापतील का तेही माहीत नाही. पण लिहितेय तुम्हालाच, म्हणून लिहिते.

तुम्हाला पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा आठवते का? बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, तुमच्या गावाजवळून कोणती नदी जाते? मी म्हणाले, सिंदफणा. पाणी असतं का? असतं. झालं. मी उठून बाहेर आले. तुम्ही माझ्यामागे व्हरांड्यात आलात आणि म्हणालात, "अगं, असतं म्हणजे काय? किती महिने असतं? उन्हाळ्यात नुसती वाळू राहते, तुमची मेंढरं मग कुठं जातात, हे सगळं तू मला वर्गात सांगितलंस. तिथं कावून नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही मॅडम."

तुम्ही हसत सुटलात. पाटोद्याचं तुमचं बोलणं फक्त चिडल्यावर, हसू आल्यावर किंवा आपल्या माणसांत बाहेर यायचं, एरवी तुम्ही पुस्तकासारखं बोलायचात. मग स्टाफरूममध्ये जाऊन तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला नदी विचारली तर नदी देते, पाणी वेगळं मागावं लागतं. ते ऐकून मलाही हसू आलं होतं. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मला तसं बोलायची सवय घरातून लागली. आमची मेंढरं आहेत. बापू, म्हणजे माझे वडील, दुसऱ्यांच्या रानातून कळप घेऊन जातात. कुणाच्या बांधाला एखाद्या मेंढराचं तोंड लागलं की मालक पळत येतो. कुठून आलास, किती जण हायत, कुणाला विचारलंस? बापू मान खाली घालून जेवढं विचारलं तेवढंच सांगतात आणि गप उभे राहतात. लहानपणी एकदा मी मधेच बोलले की मेंढरू आमचं नव्हतंच, पलीकडच्या कळपातलं होतं. खरं होतं ते. बापूंनी मालकासमोरच मला गप केलं आणि नंतर वाटेत म्हणाले, "मोठ्या माणसापुढं विचारल्याबिगर बोलायचं न्हाई. आपन जास्तीचं बोललो की त्यांना जास्तीचं सुचतं." बापूंची ही रीत खोटी नाही. तिच्यावर आमचा कळप आजवर चालला आहे. म्हणून मी बापूंना दोष देत नाही.

मॅडम, बापूंचं आणि तुमचं बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर मी कॉलेजला यायची बंद झाले. थोरला भाऊ आणि वहिनी तेलगावच्या बाजूला ऊसतोडीला गेले होते, बापू कळपाबरोबर, घरात आजी अंथरुणाला. तुम्ही रुक्मिणीला बरोबर घेऊन आमच्या वस्तीवर आलात. बापू नेमके त्या दिवशी घरी होते. तुम्हाला बसायला घोंगडी टाकली आणि ते स्वतः उभेच राहिले.

"बाई, तुमी एवढ्या लांब कावून आलात? सांगावा धाडला असता तर पोरगी आली असती."

"पोरगीच येत नाही म्हणून तर मी आले ना, दादा."

"घरात म्हातारी हाय. सकाळचं तिचं समदं करावं लागतं. त्यात कालिज सकाळचं."

"इथून बस कितीला हाय?"

"साडेआठला येती. तालुक्याला नऊ-साडेनऊ."

"मग म्हातारीचं करून तिला साडेआठच्या बसला बसवा. माझा तास मी दहाला ठेवते. दुपारच्या बसनं घरी."

बापू म्हणाले, "तुमच्या हातात हाय का ते?"

"माझ्या तासाचं माझ्या हातात हाय," तुम्ही म्हणालात. आणि आजीकडे बघून, "म्हातारे, नातीला सोड थोडा वेळ. लई हुशार हाय, फक्त बोलत न्हाई."

आजी म्हणाली, "घरात लई बोलती. तिकडं काय मुकी हुती का?"

पुढच्या आठवड्यापासून भूगोलाचा तास दहाला लागला. एकट्या माझ्यासाठी नव्हे, त्या बसने येणारी आमची पाच-सहा गावांतली पोरं होती. पण बापूंनी मला त्या दहाच्या शब्दावर सोडलं होतं. मी आज तिसऱ्या वर्षाला आहे ती त्या दहाच्या तासामुळे. हे कुणीच विचारलेलं नाही, म्हणून आधी सांगून टाकते.

पुढचं मला गफूरमामांकडून कळलं. कॉलेजचे शिपाई म्हणून त्यांच्यासमोर सगळे बोलतात, आणि ते आमच्यासमोर. जुने विभागप्रमुख निवृत्त झाले तेव्हा सेवाज्येष्ठतेत तुमचा नंबर होता. पद मिळालं सरांना, जे तुमच्यानंतर कितीतरी वर्षांनी आले होते. तुम्ही कारण विचारलंत तर एक जण म्हणाले, मॅडमला घरचं बघावं लागतं, संध्याकाळच्या मीटिंगांना कोण थांबणार. आणि दुसरे कुणी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणाले, "आता ह्या लोकांना खुर्चीपण पाहिजे." गफूरमामा म्हणाले, तुम्ही कप खाली ठेवलात, धुतलात, जागेवर पालथा घातलात आणि बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही लेखी तक्रार केली. त्यात दोन्ही वाक्यं होती, पहिलं बाईमाणूस म्हणून आणि दुसरं जातीचं.

त्यानंतर एकेक गोष्ट बदलत गेली. तुमचं टेबल विभागातून उचलून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गेलं, फुटक्या पृथ्वीगोलांच्या शेजारी. नकाशांच्या कपाटाची किल्ली सरांकडे गेली, मग प्रॅक्टिकलला नकाशे मागायला तुम्हाला दरवेळी आम्हा विद्यार्थ्यांसमोर त्यांच्या दारात उभं राहावं लागायचं. मी काढलेला आमच्या वस्तीचा नकाशा तुम्ही तुमच्या टेबलामागे भिंतीला लावला होता. टेबल हललं तेव्हा तुम्ही तो स्वतः काढून नेलात. बापूंच्या मेंढरांच्या वाटा मी त्यात तुटक रेषांनी दाखवल्या होत्या.

आणि एका सोमवारी नोटीसबोर्डावर नवीन वेळापत्रक लागलं. भूगोल, द्वितीय वर्ष, सकाळी साडेसात. गफूरमामा कागदाच्या कोपऱ्यांना टाचण्या लावत होते. आमच्या वर्गातला विकास म्हणाला, "मामा, साडेसात? आमची बसच साडेनऊला येती."

"बसचं कोन बघतंय बे हितं," मामा म्हणाले. "मॅडमला कोंबड्याबरुबर उठिवलंय, तुमी कशाला रडता. झोपा निवांत."

काही पोरं हसली. खरं सांगायचं तर आम्हाला एक तास कमी झाल्याचं पहिल्या दिवशी बरंच वाटलं होतं.

तुम्ही रोज साडेसातला यायचात. तालुक्याच्या गावातलीच दोघंतिघं सुरुवातीला यायची, मग तीही बंद झाली. तुम्ही रिकाम्या वर्गात फळ्यावर तारीख लिहायचात, धड्याचं नाव लिहायचात, मुद्दे लिहायचात, आकृती काढायचात. आम्ही साडेनऊला उतरून पळत वर्गात यायचो, दहाच्या तासाचे मराठीचे सर येऊन फळा पुसायच्या आत ते सगळं उतरवून घ्यायचो. रुक्मिणी आकृती काढायची आणि मी मुद्दे. पर्जन्यछायेचा सगळा धडा मी तुमचा चेहरा न बघता तुमच्या अक्षरातून शिकले. मग एक दिवस फळा आधीच पुसलेला होता. दुसऱ्या दिवशीही. गफूरमामा म्हणाले, "साडेआठला पुसायचा हुकूम हाय. मी काय करू? मी हळूहळू पुसतो, पर बस काय लवकर येत न्हाई."

बस लवकर येत नव्हती, पण दुधाची गाडी यायची. हे मला लिहायलाच हवं. आमच्या फाट्यावरून सकाळी सहाला दुधाची गाडी तालुक्याला जाते. तुम्हीच मला एकदा विचारलंत, "कोमल, दुधाच्या गाडीत मुलींना बसवतात का?" मी म्हणाले, विचारून बघते. ड्रायव्हर रुक्मिणीच्या मामांच्या ओळखीचा निघाला. आजीचं सगळं अंधारातच उरकून मी, रुक्मिणी आणि विकास त्या गाडीने एक आठवडा आलो. मागे कॅनच्या मध्ये उभं राहायचं. वळणावर झाकणं वाजायची आणि ओढण्यांना दुधाचा वास लागायचा. पहिल्या दिवशी आम्ही वर्गात शिरलो तेव्हा तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहीत होता. वळलात, आम्हाला बघितलंत, आणि परत फळ्याकडे वळून उरलेला शब्द पूर्ण केलात. मग म्हणालात, "बसा. कुणाला चहा पाहिजे?" तो सगळ्यांत चांगला आठवडा होता. तिघांच्या वर्गात तुम्ही आम्हाला इतकं शिकवलंत की विकाससुद्धा प्रश्न विचारायला लागला.

शनिवारी सरांनी व्हरांड्यात मला थांबवलं. रागावले नाहीत, हसूनच बोलले. "काय गं, आजकाल लई लवकर येता तुम्ही. चांगलंय. अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत बरं का. लवकर उठणारे किती हुशार असतात ते बघू प्रॅक्टिकलला."

सोमवारी मी दुधाच्या गाडीला गेले नाही. मी गेले नाही म्हणून रुक्मिणीला घरून एकटीला सोडलं नाही. विकास दोन दिवस एकटा गेला आणि मग तोही थांबला. तुम्ही मला कारण विचारलंत. मी सांगितलं, आजीची तब्येत. आजी त्या आठवड्यात बरी होती, मॅडम.

मग चौकशी समिती आली. प्राचार्य, संस्थेचे एक सदस्य आणि बाहेरचे एक निवृत्त प्राध्यापक. विद्यार्थ्यांतून कुणाला बोलवायचं तर तुम्ही माझं नाव दिलं. हे तुम्ही मला आधी सांगितलंत, आणि एवढंच म्हणालात, "घाबरू नको. जे आहे ते सांग." काय सांगायचं ते शिकवलं नाहीत. तुम्ही कधीच शिकवलं नसतं. पढवलेलं उत्तर ओळखू येतं, असं तुम्ही साक्षीबद्दल नाही, परीक्षेबद्दल म्हणायचात.

प्राचार्यांच्या खोलीत तुम्ही एका बाजूच्या खुर्चीवर होता, सर दुसऱ्या बाजूला. प्राचार्यांनी मला बसायला सांगितलं, मी उभीच राहिले. बापूंसारखी.

"मॅडमच्या तासाला विद्यार्थी येतात का?"

"नाही सर."

"तू येतेस?"

"नाही सर."

"शिकवण्याबद्दल काही तक्रार?"

"नाही सर."

"सरांनी कधी तुला त्रास दिला?"

मी सरांकडे बघितलं नाही. हसून दिलेली धमकी त्रास धरतात का, हे मला खरंच कळेना. मी म्हणाले, "नाही सर."

"ठीक आहे. जा तू."

मी दारापर्यंत गेले. कुणीतरी विचारेल, मग येत का नाही, असं मला वाटत होतं. मी दार उघडायला वेळ लावला. कुणी विचारलं नाही. तुमच्याकडे मी एकदाच बघितलं. तुम्ही पेन हातात धरून माझ्याकडे बघत होता, रागाने नाही. तोंडीच्या वेळी व्हरांड्यात येण्याआधी जसं बघितलं असेल तसं. नदी सांगितली, आता पाणी सांग. मी बाहेर आले.

आता मी स्वतःला विचारते की ते बापूंच्या रीतीमुळे झालं की अंतर्गत गुणांमुळे. आधी मी रीत म्हणायचे. ते सांगायला बरं वाटतं, आम्ही साधी माणसं, आम्हाला मोठ्यांपुढे बोलता येत नाही. पण आजी म्हणते तशी मी घरात लई बोलते. दाराशी थांबले तेव्हा मला माहीत होतं काय सांगायचं आहे. वाक्य तोंडात तयार होतं. त्या सत्राचे अंतर्गत गुण लागले तेव्हा मला वर्गात सगळ्यांत जास्त पडले होते. मी ते घरी सांगितले. आजीने गुळाचा खडा दिला. तो मी खाल्ला.

समितीने लिहिलं की मॅडमच्या तासाला विद्यार्थी येत नाहीत हे विद्यार्थिनीच्या सांगण्यावरूनच स्पष्ट होतं, आणि पदाचा निर्णय कामावरून झाला, भेदभावातून नाही. गफूरमामांनी ते मला सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. "तुझं नाव न्हाई त्यात," म्हणाले. "विद्यार्थिनी एवढंच हाय."

आपलं भांडण त्यानंतर झालं. भांडण तरी काय, मीच बोलले. तुम्ही प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एकट्या डबा खात होता. मी गेले आणि उभ्याउभ्या म्हणाले, "मॅडम, मी खोटं नाही बोलले."

"तू खोटं बोललीस असं मी कुठं म्हटलं?"

"त्यांनी विचारलं तेवढंच मी सांगितलं."

"माहितीये मला."

"बसचं त्यांना माहीत होतं ना? वेळापत्रक त्यांनीच लावलंय. मीच कशाला सांगायला पाहिजे?" माझा आवाज चढला होता. तुमच्यावर. सरांपुढे जो निघाला नाही तो आवाज मी तुमच्यापुढे काढला, कारण तुम्ही मला काही करणार नव्हता.

तुम्ही डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलंत, त्यात थोडी मेथीची भाजी होती. म्हणालात, "खा आधी. याच्यावर बोलू आपण, तुझे पेपर होऊ दे." मग थोड्या वेळाने, "मी विद्यापीठाकडे परत अर्ज करतेय. या वेळी तुझं नाव देणार नाही. काळजी करू नकोस."

आणि मॅडम, मला बरं वाटलं.

हेच मला कुणाला सांगता आलं नाही. ना रुक्मिणीला, ना बापूंना. तुम्ही मला सोडवलंत आणि मला हलकं वाटलं. मी भाजी खाल्ली. तुम्ही एकट्या लढायला निघाला होता आणि मी तुमच्या डब्याचं झाकण पुसून परत दिलं. बाकी गोष्टींना मी कारणं देऊ शकते. त्या हलकं वाटण्याला माझ्याकडे काही कारण नाही.

पेपर झाले. मग सुट्टी. नवीन वर्ष सुरू झालं तरी तुमचा तास साडेसातलाच राहिला आणि मी तुमच्या कोपऱ्याकडची वाट टाळत राहिले. तुम्हाला ताप आल्याचं रुक्मिणीने सांगितलं. ती दवाखान्यात जाऊन आली. मी गेले नाही. बरं वाटू दे, मग जाऊ आणि सगळं नीट बोलू, असं ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं, बसमध्ये रोज मनात म्हणायचे. रुक्मिणी म्हणाली की तुम्ही विचारलंत, कोमलने पुढचं काही ठरवलं का, एम.ए.चं. ती म्हणाली, ठरवेल. आणि तुम्ही म्हणालात, "तिला विचारावं लागेल. स्वतः सांगणार न्हाई ती." रुक्मिणीला हे सांगताना हसू येत होतं, तेव्हा तुम्ही जाल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

तुमचा अर्ज आता कुठे आहे माहीत नाही. कॉलेजात सगळे म्हणतात, मॅडमच राहिल्या नाहीत, विषय संपला. तो अहवाल मात्र आहे. त्यात विद्यार्थिनीचं म्हणणं आहे.

काल सकाळी नवीन वेळापत्रक लागलं. भूगोल, दहा वाजता. सर स्वतः घेणार. आम्ही साडेनऊच्या बसने उतरलो आणि वर्गात गेलो. वर्ग भरला होता. चारही बाजूंच्या गावांची पोरं होती, एकेका बाकावर तिघी-तिघी बसलो होतो, विकासला खिडकीत टेकावं लागलं. सर आत आले, सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि हसले.

"बघा," ते म्हणाले, "वर्ग हा असा भरतो. शिकवणारा असला की मुलं येतात."

ते तुम्हाला उद्देशून म्हणाले नसतीलही. कदाचित सहज बोलून गेले. पण मी उभी राहिले. का उभी राहिले हे मला अजून नीट सांगता येत नाही. बाकाला धरलं होतं.

"काय गं? शंका आहे?"

"नाही सर."

"मग?"

"सर, आमची बस साडेनऊला येते."

"बरं?"

"मॅडमचा तास साडेसातला होता. म्हणून आम्ही येत नव्हतो. त्याच्याआधी तो दहाला होता, तेव्हा वर्ग असाच भरायचा."

विकासने खिडकीतून पाय खाली घेतले. सरांनी खडू उचलला, परत ठेवला.

"हे तुला आत्ता कुणी विचारलं का?"

"नाही सर," मी म्हणाले. "कुणीच विचारलं नव्हतं."

सर "खाली बस" म्हणाले आणि फळ्याकडे वळले. मी बसले. रुक्मिणी वहीत बघत हळूच म्हणाली, "अंतर्गत गेलं तुझं."

"जाऊ दे," मी म्हणाले.

मॅडम, एवढंच होतं ते. म्हणायला मिनिटही लागलं नाही. त्या खोलीत तुम्ही पेन हातात धरून याचीच वाट बघत होता, आणि मी दाराशी उभी राहून प्रश्नाची वाट बघत होते. काल प्रश्न नव्हता आणि तुम्हीही नव्हता. मी फक्त वर्गाला सांगितलं, आणि वर्गाला तर ते आधीच माहीत होतं.